वंशावळ किती मागे गेली, असं विचारलंत म्हणून

लग्नात, बारशाला, मैफलीनंतर चहाच्या रांगेत. ओळख झाली, आडनाव कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे तुम्ही बडोद्याच्या तंजावरी कलावंतांपैकी! दरबारातले वादक! वंशावळ शोधताय असं ऐकलं. किती पिढ्या मागे गेलात?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. तरी मी दर वेळी "चाललंय, अजून पुरं नाही झालं" असं काहीतरी बोलून विषय बदलते, आणि घरी येऊन स्वतःवरच चिडते. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. १८८० साली तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई सयाजीरावांशी लग्न होऊन बडोद्याला आली, चिमणाबाई झाली आणि तिच्या आंदणात नाचणाऱ्या, नट्टुवनार म्हणजे नाच शिकवणारे गुरू, वादक असं सगळं पथक आलं. तिकडे तंजावरचं राज्य १८५५ मध्येच कंपनीने खालसा केलं होतं. पंचवीस वर्षं ज्यांच्या कलेला दरबार उरला नव्हता, त्यांना इकडे खानगीतून, म्हणजे राजवाड्याच्या खासगी खात्यातून, पगार सुरू झाला. चिमणाबाई १८८५ मध्ये क्षयाने गेल्या, पण तंजावरचा नाच बडोद्यात राहिला. आमच्या घरचे त्या पहिल्या पथकातले नव्हेत. नातलगांच्या आधाराने मागाहून आलेले. मद्रासेकडे नाचाविरुद्धची चळवळ १८९० नंतर जोरात होती, मुलींना बैठकी मिळेनाशा झाल्या होत्या. अशा दिवसांत बडोद्यात कुणी आपलं माणूस असणं हाच मोठा आधार.

इथवर मी नेहमी सांगते. याच्यापुढे निसटते.

आमच्या घरी समोरच्या भिंतीवर एक फोटो असायचा. फेटा, अंगरखा, मांडीवर मृदंग. चंदनाचा हार. "हे पणजोबा. दरबारात वाजवायचे. यांच्यापासून आपलं घराणं बडोद्यात." दसऱ्याला त्या फोटोपुढे मृदंगाची पूजा व्हायची. आम्ही भावंडं शाळेत निबंध लिहायचो तेसुद्धा यांच्यावर. वंशावळ काढायची म्हटल्यावर मी साहजिकच यांच्यापासून सुरुवात केली. त्यांचा बाप कोण, आजा कोण. आणि खरं सांगते, मनात एक लोभ होता. तंजावरचे ते चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु, दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात नावारूपाला आले. आज भरतनाट्यमचा जो क्रम शिकवतात, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, तो त्यांनी बसवला. त्यांच्याशी कुठेतरी धागा जुळावा, असं मला फार वाटत होतं. तेव्हाच्या मला मी दोष देत नाही. ज्या माणसाला आयुष्यभर "तुम्ही नक्की कोण?" असं विचारलं जातं, त्याला एखादं मोठं नाव हवंसं वाटणारच.

धागा तंजावरला जुळायच्या आधी बडोद्यातच तुटला. आजोबा ज्या शाळेत शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मला मिळाला. आजोबांचं नाव, जन्मतारीख, पालकाचं नाव. पालक म्हणून फोटोतल्या त्याच मृदंगवाल्यांचं नाव होतं. त्याच्यापुढे नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: मामा.

मग इतर कागद वेगळ्या नजरेने वाचले. घराचा दस्त पणजीच्या नावावर, तिच्या एकटीच्या. त्यात "अमक्याची पत्नी" असं कुठेही नाही. पणजोबा म्हणून ज्यांना आम्ही हार घालत होतो, ते तिचे भाऊ. ती नाचायची, ते तिच्यामागे वाजवायचे. आणि आजोबांचा बाप कागदावर कुठेच नव्हता.

मी तो उतारा घेऊन आत्याकडे गेले. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात. पणजीला जवळून पाहिलेलं घरातलं ते शेवटचं माणूस. तिने चष्मा लावला, कागद वाचला, घडी करून माझ्या हातात परत दिला.

"हे काढायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आत्या, ते मामा होते?"

"मामाच. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग आम्हाला पणजोबा का सांगितलंत?"

"त्याने नाव दिलं. जेवू घातलं, शिकवलं, शाळेत घातलं. त्याला बाप म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. पण मी गप्प बसले नाही. मी म्हटलं, मग पणजीचा फोटो का नाही भिंतीवर? घर तिचं, पगार तिचा, घराणं तिचं. भाऊ तिच्यामागे उभा राहून वाजवायचा. आणि आपण त्याला पुढे आणून तिला भिंतीवरून काढून टाकलं.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लहानपणी, घरात पुरुष नसतील अशा दुपारी, पणजी तिला अडवू, म्हणजे नाचाची मूळ पावलं, शिकवायची. दारं लावून. स्वतः भिंतीला टेकून बसायची, हाताने जमिनीवर ताल धरायची आणि तोंडाने हळूच "तै या तै" म्हणायची. आत्याला ते फार आवडायचं. पुढे शाळेच्या संमेलनात टिपरीच्या नाचात आत्या पहिल्या रांगेत होती. नाच छान झाला. उतरताना एक बाई दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "हिला काय शिकवायला लागतंय? रक्तातच आहे." आणि दोघी हसल्या. ते हसणं कसलं, हे अकरा वर्षांच्या मुलीला कळलं नाही. तिने घरी येऊन, आनंदाने, वडिलांना सांगितलं. बाई म्हणाल्या माझ्या रक्तातच आहे.

आजोबांनी जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी शाळेत चिठ्ठी गेली की मुलीला नाचात घेऊ नये. पणजी आतल्या खोलीत होती, तिने सगळं ऐकलं. मुलगा तिला एक शब्द बोलला नाही. "बाबा कधी आईवर आवाज चढवायचे नाहीत," आत्या म्हणाली. "त्या दिवशीही नाही चढवला. पण आजीने मला पुन्हा कधी शिकवलं नाही. मी दुपारी दार लावून तिच्यासमोर उभी राहायची. ती म्हणायची, जा, अभ्यास कर."

त्यानंतर पणजी पुष्कळ वर्षं जगली. मुलगा नोकरीला लागला, नातवंडं शिकली, मराठी घरांत सोयरिकी झाल्या. मृदंगवाल्या मामाचा फोटो भिंतीवर लागला तो पणजीच्या डोळ्यांदेखत. आत्याच्या मते तिनेच लावायला सांगितला.

"तिनेच?" मी विचारलं.

"तिला मुलाचं भलं हवं होतं. तू आता तिचं भलं करायला निघालीस. तिला विचारलंस?"

आणि मग तिने मला सांगितलं की हे छापू नकोस, माझ्या हयातीत तरी. मी हो म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. पण छापलं नाही. आत्याला जाऊन आता काही वर्षं झाली आहेत. इथे मी पणजीचं नाव दिलेलं नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. आत्याने मागितलेली मुदत संपली असली तरी माझा हात अजून चालत नाही.

तर किती पिढ्या मागे गेलात, या प्रश्नाचं उत्तर असं: बापाच्या बाजूने आजोबांपर्यंत, पुढे रस्ता नाही. आजोबांच्या आईच्या बाजूने पणजी, तिची आई आणि तिच्या आईचं तंजावरचं बिऱ्हाड, इथपर्यंत. तुमच्या छापील वंशावळीच्या तक्त्यात हे बसत नाही, कारण त्यात रेषा बापाकडून मुलाकडे जाते. हा दोष आमच्या घराण्याचा नाही. त्या घरांची रीतच तशी होती. मुलीला देवाशी बांधायचं, पोट्टू म्हणजे देवाच्या नावाचं मंगळसूत्र बांधायचं, ती कुणाच्या घरी सून म्हणून जायची नाही. घर, दागिने, विद्या आईकडून मुलीकडे. भाऊ, मामा वाजवायचे, शिकवायचे. भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वती यांचं घराणं आजही असंच सांगतात: वीणा धनम्माळ, त्यांची मुलगी जयम्माळ, तिची मुलगी बालसरस्वती, आणि मागे जात जात अठराव्या शतकातल्या तंजावर दरबारच्या पापम्माळपर्यंत. तिथे कुणी बापांची यादी मागत नाही. आपल्याकडेही केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांची नावं घेताना आपण गाव घेतो आणि बाई घेतो, तेवढ्याने ओळख पुरी होते.

मी तंजावरला गेले तेव्हा बृहदीश्वराच्या आवारातला शिलालेख मला एका तमिळ जाणकारांनी वाचून दाखवला. राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या देवळांतून चारशे स्त्रिया आणून त्या देवळाभोवती वसवल्या, त्याची ती नोंद. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली ते, आणि रस्त्याच्या कुठल्या ओळीत कितवं घर तिला दिलं ते. वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात. शेजारी नट्टुवनार, गाणारे, वाजवणारे यांचीही नावं. बापाचं नाव न लिहिता चारशे बायका दगडात कोरल्या आहेत आणि हजार वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मी तिथे उन्हात उभी राहून रडले. त्यातली एखादी आमची, असं मी म्हणत नाही. हजार वर्षांचा पूल बांधायला माझ्याकडे एकही कागद नाही. ज्यांनी हे ऐकून मला "म्हणजे तुमचं घराणं चोळांच्या काळापासूनचं" असं म्हटलं, त्यांनी कृपा करून ते पुढे सांगू नये.

दुसरा प्रश्न, जो थोडा आवाज खाली आणून विचारतात: मग आजोबांचे वडील कोण? राजवाड्यातलं कुणी का? हे विचारणाऱ्यांना मी आता सरळ सांगते की मी ते शोधत नाही. पणजीने ते नाव मुलाला सांगितलं नाही किंवा मुलाने ते कुणाला सांगितलं नाही. तिच्या मौनातलं तेवढं एक मी तिला ठेवू देणार आहे. हे बोलताना माझ्यातलीच दुसरी बाई मला विचारते, बाकीचं सगळं उकरलंस तेव्हा ही मर्यादा कुठे होती? तिचं बरोबर आहे. ज्या रेषेवर मी थांबले ती मीच आखलेली आहे.

तिसरा प्रश्न, तुम्ही तमिळ की मराठी. यावर मात्र मी बचाव करत बसणार नाही. तंजावरचा दरबार मराठी होता, दप्तर मोडीत होतं. सरफोजीराजांच्या नावावर नाचासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत, त्यांत वर्ण, तिल्लाना असे नाचाचे प्रकार आहेत. मराठी पदांवर तमिळ पावलं आमच्या लोकांनी बडोद्याला येण्याआधीच टाकलेली होती. घरी आम्ही मराठी बोलतो, बाजारात गुजराती, आणि पणजीच्या तोंडचे तमिळ शब्द स्वयंपाकघरात उरले आहेत. यातलं एक निवडा असं सांगणाऱ्याला माझा नकार आहे.

आता कौतुक करणाऱ्यांविषयी. माझ्या भाचीचं अरंगेत्रम्, म्हणजे रंगमंचावरचा पहिला नाच, झालं तेव्हा एक बाई स्टेजजवळ येऊन म्हणाल्या, "किती सहज नाचते! रक्तातच आहे हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भाची खुलली. मी आत्याच्या शेजारी बसले होते. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, इतक्या वर्षांनी तेच वाक्य असं मानाने परत आलं. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "दहा वर्षं शिकलीय ती पोरगी. तिची मेहनत कुठे गेली?" तिच्या मनातला राग जुना होता की नवा, मला सांगता येणार नाही. पण जे लोक आज आमच्या घरच्या बायकांना थोर म्हणतात, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की तुमचा मान बदलायला शंभर वर्षं लागली. या मधल्या काळात ज्यांनी आपल्या आईचा फोटो उतरवून मामाचा लावला, त्यांना भेकड म्हणू नका. मी म्हटलं होतं, आजोबांना, मनातल्या मनात, पुष्कळ दिवस. आजही पूर्ण मागे घेतलेलं नाही. त्यांनी मुलीचा नाच थांबवला हे मला माफ करता येत नाही. त्यांना दुसरं काय करता आलं असतं, हेही सुचत नाही.

घरात यावर एकमत नाही. माझ्या धाकट्या भावाने कुलदेवतेच्या कार्यासाठी वंशावळ छापायला घेतली आहे. त्यात सर्वात वर मृदंगवाले पणजोबा आहेत, कंसात दरबारी वादक. मी त्याला सांगितलं की वर पणजी घाल, शेजारी भाऊ म्हणून मामा घाल, दोघांच्याही हातातली कला लिही. तो म्हणतो, मुलींच्या सासरची माणसं वाचणार आहेत. मी म्हणते, वाचू देत. तो म्हणतो, ताई, तुझं लग्न झालं, मुलं मोठी झाली, तुला बोलायला सोपं आहे. यातलं त्याचं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही. छापखान्यात कागद अजून गेलेला नाही. त्याने मसुदा माझ्याकडे तपासायला पाठवला आहे आणि मी तो अडवून ठेवला आहे.