कानातला बिल्ला

मी जनावरांच्या विम्याचे क्लेम तपासतो. गाय दगावल्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "बिल्ला कानात आहे ना?" समोरचा माणूस रडवेला झालेला असतो आणि मी बिल्ल्याचं विचारतो. पण जनावरांच्या विम्यात बिल्ला नाही तर क्लेम नाही. १२ आकडी नंबरचा तो पिवळा प्लॅस्टिकचा तुकडा, हीच गाईची ओळख.

२०२२ चा पावसाळा, गुरांमधल्या लम्पी या त्वचारोगाच्या साथीचा. रोज दोन-तीन क्लेम, बहुतेक खरेच. त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या त्या वाडीवर गेलो तेव्हा मनात संशय नव्हता. होल्स्टीन जातीची गाय गोठ्यामागे बाभळीखाली पडलेली, अंगावर गोणपाट. पॉलिसी काढून देणारा मध्यस्थ माझ्याआधीच हजर. "पोस्टमॉर्टेम झालंय साहेब, तुम्ही फक्त फोटो काढा."

हे लोक घाई करतात ना, तिथेच माझा हात थांबतो.

नंबर तंतोतंत जुळला. मग कान उलटा करून बघितला. जित्या जनावराला टोचलेला बिल्ला काही आठवड्यांत मुरतो. भोकाची कड गुळगुळीत होते, आजूबाजूला मळ धरतो. इथे कड कच्ची होती, केस भोकात दाबले गेलेले आणि रक्ताचा टिपूस नाही. मेलेल्या कानातून रक्त कुठून येणार? बिल्ला एकदा बसला की अख्खा निघत नाही, पिन कापावीच लागते. ही पिन कापून परत चिकटवलेली. गोंदाचा थर उन्हात चकाकत होता.

खालचा ओठ ओढून दात पाहिले. कागदावर चार वर्षांची, दुसऱ्या वेताची गाय. तोंडात मात्र झिजलेले खुंट आणि मधे फटी. पोस्टमॉर्टेमच्या कागदावरही वय चारच. डॉक्टरांनी तोंड उघडलंच नसावं, किंवा उघडून मिटलं असावं.

पाणी मागायच्या निमित्ताने गोठ्यात गेलो. पॉलिसीच्या फोटोतली गाय, कपाळावर तोच पांढरा ठिपका, वैरण खात उभी. उजव्या कानाला हळद थापलेली. शेजारी म्हातारी बसली होती. "काल राती लई वरडली वो. मुक्या जिवाचा कान कापला."

शेतकरी मटकन खाली बसला. "मेली ती जुनी गाय साहेब. तिचा इमा नव्हता. पेंडीची उधारी हाय. हे म्हनले, निम्मे निम्मे करू." मध्यस्थाची मोटारसायकल तोवर गेली होती.

मी शेतकऱ्याकडून क्लेम मागे घेत असल्याचं लिहून घेतलं. ओठ, कान, पिन आणि जिवंत गाय, सगळ्यांचे फोटो जोडले. अहवालात मध्यस्थाचं नाव आणि पोस्टमॉर्टेमच्या कागदाबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला. शेतकऱ्याचं नाव गाळता आलं नाही. क्लेमवर सही त्याचीच होती. रात्री मध्यस्थाचा फोन आला, "गरिबाच्या पोटावर पाय देताय." निम्मे पैसे कोणाच्या पोटात जाणार होते, ते मी विचारलं. फोन कट.

निघताना शेतकऱ्याने हळूच विचारलं होतं, "आता हिच्या कानात बी बिल्ला नाय. हिला लम्पी झाला तर?"

"पॉलिसीचं आता कंपनी ठरवेल," मी म्हणालो. "लस टोचलीय का?"

टोचली नव्हती.

"मग आधी दवाखान्यात जा. आजच."