फुलं तोडून होईतो

आमच्या इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या घरात सकाळी चहाच्याही आधी सुरू होतो तो कॉम्प्युटर. नाना, म्हणजे माझे सासरे, बटण दाबतात, चष्मा तिथेच ठेवतात आणि परडी घेऊन फुलं तोडायला जातात. जास्वंद, तगर, शिवाय शेजारच्यांची कुंपणाबाहेर आलेली कण्हेर (बाहेर आली ती सार्वजनिक, असा त्यांचा न्याय). परत येईतो पडदा जेमतेम उजळलेला असायचा. मग ते गणेशोत्सवाच्या हिशेबाची एक्सेल उघडत, आणि ती उघडेपर्यंत पूजा आटोपत.

कॉम्प्युटर 2016 सालचा. इंदूरमध्ये सर्दी झाली की गल्लीतला प्रत्येक जण काढा सुचवतो, तसंच याचं झालं. भाच्याने सांगितलं, एफ-फाइव्ह दाबत राहा, रिफ्रेश होतो. नाना ते जप केल्यासारखं दाबायचे. त्याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बाकी काही होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. समोरच्यांनी एक सफाईचं सॉफ्टवेअर घालून दिलं, ते स्वतःच सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बसायचं. दोन-दोन अँटिव्हायरस होते, एकमेकांवर पहारा देत. दुरुस्तीला आलेल्या मुलाचं निदान तर दारातूनच: "भिया, फॉरमॅट मार दो." आणि घरातलं एकमत असं, की मेमरी फुल झाली. म्हणून ह्यांनी नातवंडांचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवले. फरक शून्य. एक टीबीची डिस्क, अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

एका दुपारी मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे आत कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी. प्रोसेसर आठ टक्क्यांवर आरामात. आणि शेजारी डिस्कच्या रकान्यात, लालभडक, शंभर टक्के.

आता पोह्यांचा ठेला डोळ्यांसमोर आणा. पोहेवाल्याचा हात वाऱ्यासारखा चालतो, पण सामान आणणारा पोरगा एकच, आणि गोदाम गल्लीच्या पार टोकाला. जिरावन मसाला हवा, पळ. शेव हवी, पुन्हा पळ. गिऱ्हाईकं वीस, पोहेवाला हात बांधून उभा. पोहेवाला म्हणजे प्रोसेसर, आणि आमची हार्ड डिस्क हा तो पोरगा. तिची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 120 फेरे. ऐकायला जोरदार वाटतं, पण हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंदं, जातातच. सुई सरकायला आणखी काही. विखुरलेल्या बारीक फायली असल्या की सेकंदाला शंभरेक वाचल्या तरी पुष्कळ. सकाळी हजारो लागतात. त्यात आमची रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान मांडायची जागा, चार जीबी; ठेलाच लहान. जागा संपली की कांद्याची परात गोदामात परत पाठवायची आणि लगेच पुन्हा मागवायची. पोरगा मरणार नाही तर काय!

आधी फुकटचे उपाय केले. स्टार्टअपच्या, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत सोळा जण होते. एक तर अशा प्रिंटरचा मदतनीस, जो प्रिंटर आम्ही तीन वर्षांपूर्वी भंगारात दिला. मालक गेला, गडी रोज हजर! बहुतेकांना घरी बसवलं. एक अँटिव्हायरस आणि तो सफाईवाला, दोघांना निरोप दिला. थोडं हललं. खरं काम मात्र सिल्वर मॉलमध्ये झालं: 256 जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची डिस्क, आणि रॅमची आणखी एक पट्टी. एसएसडीत फिरणारं काही नाही, सुई नाही, चिपेत जिथे हवं तिथून थेट वाचायचं. दुकानदाराने जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं नव्यावर उतरवलं; फोटो जुन्या डिस्कवरच राहू दिले. पंखा उघडला तर आतून गोधडी भरावी इतकी धूळ निघाली. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे तेवढी झाडलोटही उपयोगी. विंडोज 11 या जुन्या प्रोसेसरला चालत नाही आणि 10 ला कंपनीचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ते दुखणं वेगळं, त्यावर एसएसडी चालत नाही.

आता तो वीस सेकंदांत तयार असतो. नानांना सांगितलं, दाखवलं, घड्याळ लावून दाखवलं. "छान," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, चष्मा ठेवला, परडी उचलली. फाटकाशी जोशीकाका भेटले, कण्हेरीवरून वाद झाला. तोवर वाट पाहून पाहून पडदा काळा झालेला. नाना आले, वाकून पाहिलं.

"अजून लागलाच नाही गं," म्हणाले, आणि पुन्हा बटण दाबलं. तो निमूटपणे बंद झाला. नाना पूजेला गेले.