पाचगणी: चेसन यांचं गाव आणि जांभ्याचं पठार

पाचगणीला वाईकडून चढत जावं, असं आमचं ठाम मत आहे. महाबळेश्वरहून परतताना वाटेत उरकलं, की या गावाचं कारणच कळत नाही. वाई ते पाचगणी १२ किलोमीटर, आणि तेवढ्यात पसरणी घाट सुमारे ६०० मीटर उंची चढवतो. पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. घाट संपताना दांडेघर लागतं. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधला हा डोंगरमाथा.

इथं वस्ती का झाली, याचं उत्तर पावसात आहे. महाबळेश्वर जेमतेम १९ किलोमीटरवर, पण तिथं वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ढग सह्याद्रीच्या धारेवरच रिकामे होतात. पाचगणीच्या वाट्याला साधारण तिसरा हिस्सा येतो. पावसाळा लागला की साहेबलोकांना महाबळेश्वर सोडावं लागे. बारमाही राहता येईल अशी जागा हवी होती, ती १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थांनी इथं वसवली. पुढं निवासी शाळा आल्या, १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांचं क्षयरोग्यांसाठीचं बेल-एअर रुग्णालय आलं, तेही याच हवेपायी.

चेसन यांची कबर सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. दिवसाची सुरुवात इथून करावी. फाटक बंद असेल तर आवारातल्या माणसाला विचारून आत जावं. उपासना चालू असताना कॅमेरा पिशवीतच ठेवावा. कबरींवरचे लेख वाचायचे तर सकाळचं तिरपं ऊन लागतं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की उथळ कोरीव अक्षरं सपाट दिसतात, समोरून फ्लॅश मारला तरी तेच. ढगाळ दिवशी टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूनं धरावा, अक्षर उठून येतं. शेवाळ नखानं किंवा चावीनं खरवडू नये, अक्षरांवर खडू घासू नये. शेवाळाबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो आणि लेख कायमचा जातो. हे आवर्जून सांगतो, कारण गावाच्या सुरुवातीचा हा दगडी कागद आहे, त्याची दुसरी प्रत नाही.

बाहेर पडलं की वर बघावं. सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातला, चेसन यांनीच इथं रुजवला. पान नेच्यासारखं कातरलेलं, खालची बाजू रुपेरी. वारा आला की झाड रंग बदलल्यासारखं दिसतं.

टेबल लँडवर चालतच जावं. बाजारातून अर्ध्या तासाचा चढ आहे. शंभर एकरांच्या आसपासचं हे पठार म्हणजे बेसॉल्टवर बसलेली जांभ्याची टोपी. वर माती बोटभर, त्यामुळं झाडं धरत नाहीत. खोलगट जागी पावसाचं पाणी साचतं, तिथं पाऊस ओसरताना सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. घोड्यांच्या टापा आणि गाडीची चाकं ही मऊ माती दाबून टाकतात, मग तिथं पुढच्या वर्षी उघडा दगडच दिसतो. म्हणून मळलेली वाट सोडू नये, रपेटही टाळावी. ओल्या जांभ्यावरचं काळं शेवाळ साबणासारखं निसरडं असतं; गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. धुकं उतरलं तर कड्यापासून लांब, जागेवर थांबावं. दहा-पंधरा मिनिटांत बऱ्याचदा ते सरकतं.

जुलैत जाऊन काही दिसत नाही, मे महिन्यात गर्दी आणि धुरकट हवा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ साधावा, तोही शनिवार-रविवार टाळून.

दुपारनंतर सिडनी पॉइंटला यावं. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी, वाई. समोर कमळगड आणि पांडवगड. हिवाळ्यात इथं सकाळी आलात तर खोरं धुक्यानं भरलेलं आणि पाचगणी मात्र उन्हात, असं दिसतं. किल्ले ओळखायचे असतील तर दहा वाजेपर्यंत थांबावं लागतं. वाईला परतायच्या शेवटच्या एसटीची वेळ सकाळी वाई स्थानकातच विचारून घ्यावी.