अंद्रेट्याच्या मातीकामाच्या शाळेत

चिनी मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्यात मी नक्षीचे आराखडे करते. एका हॉटेलाने हाताने काढल्यासारखी नक्षी असलेली ताटे मागितली. आमची नक्षी छापील कागदावरून भांड्यावर उतरवली जाते आणि तिच्यातला नेटकेपणा काही केल्या लपत नाही. म्हणून काही सुचते का ते पाहण्यासाठी मी हिमाचल प्रदेशात, पालमपूरजवळच्या अंद्रेटा या गावी गेले.

धौलाधारच्या पायथ्याच्या या गावात आयरिश रंगकर्मी नोरा रिचर्ड्स येऊन राहिल्या, मागोमाग चित्रकार सोभा सिंग आले, आणि दिल्ली ब्लू पॉटरीचे संस्थापक सरदार गुरचरण सिंग यांचे चिरंजीव मनसिमरन व त्यांच्या पत्नी मेरी यांनी १९८०च्या दशकात येथे मातीकाम सुरू केले. आजही येथे विद्यार्थी मुक्कामाला राहून चाक शिकतात.

मी गेले तेव्हा नक्षीचे काम चालू होते. चाकावरून उतरून अर्धवट सुकलेली तांबडी थाळी समोर घ्यायची आणि पळीवाढी केलेली पांढरी माती, टोकाला बारीक नळी बसवलेल्या रबरी फुग्यातून, तिच्यावर सोडायची. नळी थाळीला टेकवायची नाही. चिमटीतून रांगोळी सुटावी तशी रेघ वरून पडू द्यायची. इथली नक्षी रांगोळीवरूनच बेतलेली आहे, त्यामुळे ठिपके आणि वेलबुट्टी मला ओळखीची होती. हात मात्र अजिबात वळेना. हात रेंगाळला की थेंब साचतो, घाई केली की रेघ तुटते, आणि पुसायला जावे तर तांबड्या मातीवर पांढरा फराटा उमटतो. शिकवणाऱ्या बाई रेघेकडे न पाहता ती जिथे पोचायची त्या जागेकडे पाहत होत्या, आणि फुग्यावरचा दाब वळणाच्या किंचित आधीच कमी करत होत्या. हे मला कोणत्याही नमुन्याच्या वहीत सापडले नसते.

खरे तर मी वेलींचे फोटो काढून न्यायला आले होते. ते काढलेही, पण कारखान्यात परतल्यावर वापरला तो फुगाच. आमच्या रंगकाम विभागातल्या दोघी लहानपणापासून दारात रांगोळी घालत आल्या आहेत. त्यांना वळण समजावून सांगावे लागले नाही, फक्त मातीचा दाटपणा जमवायला वेळ गेला. दोन ताटे तंतोतंत सारखी येणार नाहीत आणि दरही वाढेल, असे मी हॉटेलाला कळवले आहे. पहिली गोष्ट त्यांना फार आवडली. दुसरीवर अजून घासाघीस चालू आहे.