आमची वाटचाल : सईसमामांनी परत आणलेली म्होरकी

आमचा धंदा घोड्याच्या सामानाचा. म्होरकी (घोड्याला धरायला-बांधायला त्याच्या डोक्यावर चढवायचे पट्टे), लगाम, तोबरे, झुली, धारावीतल्या एका गाळ्यात आम्ही सहा जण मिळून बनवतो. वडिलांच्या काळात मोठं गिऱ्हाईक म्हणजे व्हिक्टोरियावाले, गेटवेला आणि नरिमन पॉइंटला ज्या घोडागाड्या फिरायच्या त्यांचा चामड्याचा साज आमच्याकडून जायचा. जून २०१५ मध्ये हायकोर्टाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. डांबरावर घसरणारे, दमलेले घोडे मी स्वतः बघितलेत त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नाही, पण आमचं अर्ध्याहून जास्त काम गेलं.

मग महालक्ष्मीच्या तबेल्यांकडे वळलो. रेसकोर्स १८८३ पासूनचा, आणि आम्ही तिथे अगदीच नवखे. चामडं महाग पडतंय म्हणून मी नायलॉनच्या म्होरक्या काढल्या, डबल शिलाई, जाड बकल, आणि सगळ्यांना सांगत सुटलो की माणूस लटकला तरी तुटणार नाही. पहिला लॉट खपला पण.

तीन आठवड्यांनी एक सईसमामा, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, गाळ्यावर आले, मूळचे साताऱ्याकडचे, आयुष्य तबेल्यात गेलेलं. पिशवीतून कापलेली म्होरकी काढून टेबलावर ठेवली. रात्री घोड्याने मान खाजवायला भिंतीला घासली, म्होरकी बादलीच्या हुकात अडकली, घोडा बिथरून मागे ओढायला लागला आणि पट्टा काही तुटेना. मामा तिथेच बाजूला झोपलेले म्हणून धावले आणि चाकूने पट्टा कापला. "पोरा, घोडा अडकला की आधी म्होरकी तुटली पाहिजे, नाहीतर घोड्याची मान जाते." मला काय बोलावं सुचेना. पाच मिनिटं मी ती कापलेली पट्टीच हातात धरून बसलो होतो.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक नायलॉनच्या म्होरकीत कानामागून जाणारा पट्टा साध्या चामड्याचा असतो, जोर आला की तोच आधी तुटतो. आधीच्या लॉटमधल्या जेवढ्या सापडल्या तेवढ्या फुकट बदलून दिल्या, त्यात त्या महिन्याचा सगळा नफा गेला.

मामांनी मला नंतर पहाटे तबेल्यात बोलावलं, तेव्हा कळलं सईस म्हणजे काय. पहाटे चारला काम सुरू. आधी रात्रीची चंदी, म्हणजे खुराक, संपवली का ते बघायचं, मग लीद किती आणि कशी पडलीय ते बघायचं, कारण घोड्याला उलटी होत नाही, पोटात गडबड झाली तर ती बाहेर पडायला दुसरी वाटच नाही, आणि पोटशुळात काही तासांतसुद्धा घोडा जाऊ शकतो. डॉक्टर बोलावल्यावर येतो, पण बोलवायला पाहिजे हे सईसालाच आधी कळतं. घोडा वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघतोय, पाय आपटतोय, एवढ्यावरून मामा सांगायचे आज बरा नाही. मग खूर उकरून साफ करायचे, नाल ढिली झालीय का हाताने हलवून बघायची, पायांवर हात फिरवून कुठे गरम लागतंय का चाचपायचं. खरारासुद्धा अंगावर एक आणि तोंडावर-पायांवर दुसरा, कारण तिथे हाडावर नुसती कातडी असते, लोखंडी खरारा लागला की घोडा दुसऱ्या दिवशी जवळ येऊ देत नाही. आम्ही तोपर्यंत एकच ब्रश विकत होतो!

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, रेसेस बंद झाल्या आणि आमच्या ऑर्डरीसुद्धा. पण घोड्याला सुट्टी नसते, त्याला चंदी-पाणी लागतं आणि रोज फिरवावंच लागतं, नाहीतर पाय सुजतात. मामा आणि त्यांच्यासारखे लोक तबेल्यातच राहिले, घरच्यांचं तोंड फक्त फोनवर. रेस जिंकली की फोटोत मालक, ट्रेनर, जॉकी यांची नावं येतात आणि दोर धरून उभ्या असलेल्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही, हे मला मनापासून खुपतं.

आमच्या हातात जेवढं आहे तेवढं करतो. नवीन सामानाचं सॅम्पल आधी सईसाकडे जातं, आणि तपासायचे रोख पैसे देतो, चहापाण्याचे नाही, मजुरीचे. त्याने नाही म्हटलं तर तो माल निघत नाही, कितीही कापड कापून झालेलं असो.

मामा आता गावी असतात, सॅम्पल त्यांचा भाचा बघतो. जुलैत पुण्याचा सीझन सुरू होतो, घोडे तिकडे जातात आणि पावसाळी झुली लागतात, त्याचंच काम सध्या चालू आहे. छातीवरचं बकल दोनदा बदललं. काल तिसऱ्यांदा परत आलंय, म्हणतो घोडा मान खाली घालून खातो तेव्हा खांद्याला घासतं.