रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर कोण उभंय ते आधी बघा

दरवर्षी आमच्या एमआरडीला, म्हणजे हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटला, इंटर्नशिपला पोरंपोरी येतात, हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटची, कोण डिप्लोमाचं कोण डिग्रीचं, आणि कायद्याचं काय शिकलात म्हणून विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, हिपा. हिपा म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा. आता बसलोय मिरजेत, समोर जतहून नाहीतर अथणीहून रात्रीची गाडी धरून आलेला पेशंट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे, आणि आमचा कायदा अमेरिकेचा. नोट्स कुठनं उतरवल्यात ते लगेच कळतंय. हिपा वाचू नका असं मी म्हणत नाही, त्याच्यावर खाली येतेच, पण खिडकीवर त्याचा पहिल्या दिवशी काही उपयोग नाही.

अडचण अशी आहे की आपल्याकडं मेडिकल रेकॉर्डचा असा एकच कायदा नाहीच. थोडं मेडिकल कौन्सिलच्या नियमात, थोडं गर्भलिंग निदानाच्या कायद्यात, थोडं एचआयव्हीच्या, थोडं पोलिसांच्या कायद्यात, थोडं कोर्टाच्या निकालात, असं सगळं पसरलंय आणि पाठ करायला गेलं की डोकं फिरतंय. म्हणून मी पोरांना सांगते की कलमांच्या मागं लागू नका, खिडकीवर कोण उभंय आणि कशाच्या जोरावर मागतोय एवढं दोनच बघा, कलम आपोआप सापडतंय.

सगळ्यात सोपा माणूस म्हणजे पेशंट स्वतः. त्याचा केस पेपर त्याला मागायचा हक्क आहे आणि त्यात आपण उपकार करत नाही. इंडियन मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारसंहितेचे नियम सांगतात की पेशंटनं, त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं किंवा कायदेशीर यंत्रणेनं रेकॉर्ड मागितलं तर पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन नियम आले होते पण त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळं अजून २००२ चेच चालतात, हे परीक्षेत नक्की विचारतात बघा. आणि त्याच्याही आधी १९९६ ला आपल्या मुंबई हायकोर्टानं रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ह्या केसमध्ये सांगून ठेवलंय की गोपनीयतेचं कारण देऊन पेशंटलाच त्याच्या केस पेपरची कॉपी नाकारता येत नाही. आता कुणीतरी बिलिंगमधनं फोन करतंय, मॅडम त्यांचं बिल बाकी आहे, झेरॉक्स देऊ नका. तो ७२ तासांचा नियम उघडून बघा, त्यात "बिल भरल्यावर" असे शब्द कुठं आहेत? नाहीत. बिलाची वसुली हॉस्पिटलनं वेगळ्या रस्त्यानं करावी, रेकॉर्ड अडकवून नाही.

पोच द्यायची म्हणजे काय तर अर्ज लेखी घ्यायचा, तारीख आणि वेळ टाकायची, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची, दिलेल्या पानांवर नंबर टाकायचे आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यात जास्त वेळा वाचवतंय पण हेच.

खरी कसोटी लागते ती नातेवाईकांची. आपल्याकडं हॉस्पिटलमध्ये कोण एकटा येतच नाही, अख्खं घर येतंय, त्यामुळं भाऊ, मेहुणा, चुलता सगळ्यांनाच वाटतंय की पेपर आपल्याला मिळाला पाहिजे. "अहो मॅडम, मी नवराच हाय की तिचा, आता बायकोचा पेपर बघायला बी परवानगी लागती व्हय?" लागते दादा. सज्ञान माणसाचा पेपर त्याच्या लेखी परवानगीशिवाय नवऱ्याला नाही, बायकोला नाही, पोराला पण नाही. गर्भपाताच्या बाबतीत तर अजिबातच नाही. १९७१ च्या एमटीपी म्हणजे गर्भपाताच्या कायद्याखाली सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यानं मागितलेलीच नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिचं नाव आणि माहिती बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एमटीपीचं अॅडमिशन रजिस्टर गोपनीय कागद आहे, शेवटच्या नोंदीपासून ५ वर्षं जपायचं, आणि ते बाकीच्या रजिस्टरबरोबर उघड्या रॅकवर ठेवलेलं दिसलं की मी इंटर्नलाच उचलून कपाटात ठेवायला लावते. पेशंट लहान असेल तर आईवडील मागू शकतात. पेशंट वारला असेल तर वारस, आणि तिथं मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेतल्याशिवाय एक पान पण हलवायचं नाही, कारण वारस पुढं दोन निघतात आणि दोघं एकमेकांशी बोलत नसतात.

इन्शुरन्सवाला येतो तो टापटीप कपड्यात, टीपीएचं, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीचं, कार्ड गळ्यात, इन्व्हेस्टिगेटर म्हणून. त्याला हक्क आहे का? आपोआप नाही. पेशंटनं क्लेम फॉर्मवर सही करून परवानगी दिलेली असते, त्या परवानगीची कॉपी मागायची आणि ज्या अॅडमिशनचा क्लेम आहे तेवढेच पेपर द्यायचे. पाच वर्षांपूर्वीची दुसऱ्याच कशाची फाइल "सोबत देऊन टाका" म्हटलं की देऊन टाकायची नसते.

पोलिस आले की इंटर्न उठून उभे राहतात, हे मी कायम बघते. हवालदार म्हणतात साहेबांनी पाठवलंय, अमक्या एमएलसीचे (मेडिको-लीगल केस, म्हणजे अपघात, मारामारी असली पोलिसांत कळवायची केस) पेपर द्या. आदर ठेवायचा, चहा विचारायचा, आणि पत्र मागायचं. जुन्या सीआरपीसीचं कलम ९१ होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ झालंय, आणि त्यात ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं लेखी आदेश काढून कागद मागवायचा असतो. लेखी. फोनवर नाही, व्हॉट्सअॅपवर "जरा फोटो टाका की" असं तर मुळीच नाही. ओरिजिनल न्यायचा असेल तर आधी पूर्ण कॉपी काढून आपल्याकडं ठेवायची आणि पोच घ्यायची. आता उलटी बाजू पण सांगते, एमएलसी आहे म्हणून कागदपत्रं होईपर्यंत पेशंटला थांबवणं हे पण चालत नाही, सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा केसमध्ये १९८९ लाच सांगितलंय की आधी जीव वाचवा, बाकीच्या फॉर्मॅलिटी मागनं.

आणि मग एक माणूस येतो ज्याच्याकडं कुठलंच पत्र नसतं पण ओळख भरपूर असते. गावातले कोणतरी पुढारी नाहीतर त्यांचा कार्यकर्ता, "आपल्याच पोरीचं स्थळ आलंय, पोरगा मागं तुमच्याकडं अॅडमिट होता म्हणं, काय झालंवतं तेवढं सांगा". ह्याला कुठल्या कायद्यात बसवायचं ते मला विचारू नका. नाही म्हणायचं आणि वरिष्ठांकडं पाठवायचं, एवढंच.

लग्नावरनं आठवलं. एचआयव्ही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्या माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याचं स्टेटस कुणालाही सांगायचं नाही, काही अपवाद कायद्यातच दिलेत तेवढेच. तरी अजून कुठं कुठं फाइलच्या कव्हरवर लाल पेननं मोठ्ठं लिहिलेलं बघायला मिळतंय, म्हणजे वॉर्डातल्या मावशीपासून शेजारच्या कॉटवरच्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना जाहीर. स्टाफच्या सुरक्षेसाठी आहे म्हणतात. काळजी तर प्रत्येक पेशंटच्या रक्ताची घ्यायची असते, मग कव्हरवर लिहून कुणाचं रक्षण झालं? मानसिक आजाराचा २०१७ चा कायदा पण असाच, तिथं गोपनीयता आहे आणि पेशंटला स्वतःचं रेकॉर्ड मिळायचा हक्क पण स्पष्ट लिहिलाय, फक्त एखाद्या माहितीनं त्याला स्वतःला गंभीर मानसिक त्रास किंवा दुसऱ्याला धोका होईल असं वाटलं तर तेवढा भाग रोखता येतो. तो निर्णय डॉक्टरचा, आपला नाही.

आता सोनोग्राफी. आपल्या जिल्ह्यात ह्या विषयावर हलक्यात बोलायचं नाही. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्याच म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले ते कोण विसरलेलं नाही. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदानाचा कायदा १९९४ चा, २००३ ला सुधारला, आणि त्यातला फॉर्म एफ, गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायचा, म्हणजे रेकॉर्डवाल्यांसाठी सगळ्यात धारदार कागद, कारण ह्या कायद्यात गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीत त्रुटी असणं हाच कायद्याचा भंग धरला जातो, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर. डॉक्टरांच्या संघटनेनं ह्याला आव्हान दिलं होतं, कारकुनी चुकीला गुन्हा का म्हणता म्हणून. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही. त्यांची तक्रार मला पूर्ण चुकीची वाटत नाही, एक रकाना राहिला म्हणून प्रामाणिक माणूस अडकू शकतो, पण रिकामे रकाने ठेवूनच धंदा चालायचा हे पण खरंय. महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, रेकॉर्ड किमान २ वर्षं, आणि केस चालू असेल तर निकालापर्यंत.

संमतीपत्राचं एक सांगायचं राहतंय आणि ते मिरजेत जास्त महत्त्वाचं आहे. २००८ ची समिरा कोहली केस वाचा. तपासणीपुरती संमती दिलेली बाई भूल दिलेली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजांडं काढली, कोर्ट म्हणालं की पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, आईची संमती चालणार नाही. मुद्दा असा की सही म्हणजे संमती नव्हे, समजून दिलेली सही म्हणजे संमती. आणि आपल्याकडं निम्मे पेशंट पलीकडनं, कर्नाटकातनं येतात, अथणी, रायबाग, जमखंडी, विजापूर, बोलणार कन्नड आणि फॉर्म इंग्लिशमध्ये छापलेला, खाली अंगठा. फाइल ऑडिट करताना मी इंटर्नना तेच बघायला लावते, फॉर्म कुठल्या भाषेत आहे, समजावून कुणी सांगितलं, दुभाषी होता तर त्याचं नाव आणि सही आहे का. कन्नड फॉर्म छापून घ्यायला असा कितीसा खर्च येतोय?

कम्प्युटरवरच्या रेकॉर्डचं थोडक्यात. आता १४ आकडी आभा नंबर, म्हणजे पेशंटचा सरकारी आरोग्य ओळख नंबर, आलाय, सरकारचे ईएचआर म्हणजे इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्डचे स्टँडर्ड्स २०१६ चे सांगतात की माहितीचा मालक पेशंट आहे, हॉस्पिटल विश्वस्त. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आकडा ऐकून पोरांचे डोळे मोठे होतात, पण रोजच्या कामात धोका असतो तो मॉनिटरवर चिकटवलेल्या पासवर्डचा आणि वॉर्डच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या रिपोर्टच्या फोटोचा. कोर्टात प्रिंटआउट द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतंय, जुन्या पुरावा कायद्याचं ६५ बी विसरा.

बरं, हिपा. पुण्यात मेडिकल कोडिंगला, म्हणजे आजार आणि उपचारांना बिलासाठी कोड द्यायच्या कामाला, जाणाऱ्यांनी तो नीट वाचायचाच, कारण तिथं चार्ट अमेरिकन पेशंटचा असतो आणि कंपनीनं तिकडच्या हॉस्पिटलशी बिझनेस असोसिएट, म्हणजे त्यांच्यासाठी पेशंटची माहिती हाताळणारी कंपनी, म्हणून करार केलेला असतो, तो कायदा करारातनं तुमच्या टेबलापर्यंत येतो. पेशंटला रेकॉर्ड द्यायची मुदत तिथं साधारण ३० दिवस, आपल्याकडं ७२ तास. हे ऐकलं की पोरं हसतात, त्यांना वाटत असतं तिकडचं सगळंच फास्ट. आणखी एक, आपलं हे क्षेत्र आता कायद्यात नावानिशी आलंय, २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट आहे, क्लिनिकल कोडर पण. घरी "फाइली लावायचं काम करती" म्हणत असतील त्यांना ही यादी दाखवा.

राहिलं किती वर्षं जपायचं ते. २००२ च्या नियमात इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं. पण ३ वर्षं हा तळ आहे. ग्राहक कोर्टात तक्रारीची मुदत २ वर्षांची असली तरी उशीर माफ होऊ शकतो, एमएलसीची केस चालू असेल तर ती संपेपर्यंत फाइल हलवायची नाही, आणि प्रसूतीचे, बाळांचे पेपर तर वेगळेच, कारण अल्पवयीन मुलाची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजायला लागते, म्हणून जाणकार १८ अधिक ३ असं धरून चालतात. आणि कृपा करून रेकॉर्ड रूम तळघरात नको. २००५, २०१९, २०२१, कृष्णा सांगलीत किती आत येते हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तरी नवीन बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये एमआरडी खालीच असते कारण वरच्या मजल्यावर पैसे देणाऱ्या खोल्या काढायच्या असतात.

मुदत संपलेली फाइल नष्ट करायची तर आधी यादी, त्यावर वरिष्ठांची मंजुरी, चालू केस कुठल्या त्या बाजूला, आणि मग दोन माणसांसमोर श्रेडिंग. रद्दीवाल्याला किलोवर द्यायचं नाही, कितीही भाव देऊ दे. नष्ट केलेल्यांचं रजिस्टर मात्र कायम ठेवायचं, ते कधीच नष्ट करायच्या यादीत येत नाही.