पानगळीतला मेळघाट: दोन दिवस आणि एक रानपिंगळा

नागपुरात कुणालाही विचारा, चिखलदऱ्याला जायचं ते पावसाळ्यात असंच सांगतील. आम्ही दोघं मुद्दाम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. पाखरं बघायची तर सागाची पानं झडलेली हवीत. तेव्हा सातपुड्याचे डोंगर करडे आणि कोरडे दिसतात, मधूनच एखादा पळस फुललेला. हिरवळ शोधणाऱ्यांनी तेव्हा येऊ नये, पण गळ्यात दुर्बीण असेल तर याहून चांगले दिवस नाहीत.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. अमरावतीला पोहे-चहा घेतला आणि परतवाड्याला टाकी फुल केली. रोख पैसेही तिथंच काढून घ्या, पुढं रेंजचा भरवसा नाही. नागपूर ते चिखलदरा अंतर साधारण २३० किलोमीटर आहे, थांबत गेलो तर सहा तास लागले. अमरावतीहून एसटी मिळते, पण मग पहाटे रानाकडे जायला गाडी आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

दुपारी ऊन कलल्यावर गाविलगडावर गेलो. चढ फारसा नाही, पण गडाचा पसारा मोठा आहे, आणि पानांच्या खचाखाली सुटे दगड लपलेले असतात. चांगल्या तळाचे बूट आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं हा गड नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. आपल्या शहराचं नशीब या तटावर फिरलं, हे तिथं उभं राहिल्यावर जास्त जाणवतं. आम्ही तटावर बसलो होतो तेव्हा सर्पगरुड दरीतून वर आला, अगदी आमच्या पायांखालून. गरुडाची पाठ मी पहिल्यांदाच वरून पाहिली. पंख न हलवता तो वाऱ्यावर तिरपा झाला आणि कड्याआड गेला. हे अस्वल-बिबट्याचं रान आहे, अंधार पडायच्या आत खाली उतरा.

आम्ही खरे आलो होतो ते रानपिंगळ्यासाठी. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीशीर नोंदच नव्हती. एका इंग्रज अधिकाऱ्यानं संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर खोटं ठिकाण लिहून ठेवल्यामुळे शोधणारे गुजरातेत भटकत राहिले. १९९७ साली तो सापडला आपल्या शहाद्याजवळच्या रानात, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी. पुढं मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या.

रविवारी उजाडताना मेळघाटातल्याच सेमाडोह गावाच्या बाजूला गेलो. सोबत गावातलेच कोरकू वाटाडे दादा होते. पहिला दीड तास धनेश, हरियल आणि निखारांचा एक लालभडक थवा बघण्यात गेला. मग दादा थांबले. "ताई, हालू नका. त्या सागाच्या शेंड्यावर पाहा." भर उजेडात, उघड्या फांदीवर तो बसला होता. साधा पिंगळा असता तर डोकं ठिपक्यांनी भरलेलं दिसलं असतं. याचं डोकं जवळजवळ कोरं, छाती गडद तपकिरी, पोट स्वच्छ पांढरं. शेपूट डावी-उजवीकडे झटकत होता. एकदम खाली झेपावला आणि पंजात सरडा घेऊन त्याच फांदीवर परत आला. माझे हात इतके थरथरत होते की फोटो एकही धड आला नाही, पण त्याची पिवळी नजर अजून डोळ्यांपुढं आहे.

एक कळकळीची विनंती. थोड्या वेळानं तिथं आलेल्या एका गटानं मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला. पिंगळा लगेच अस्वस्थ होऊन जागा सोडून गेला. हे रानपिंगळ्यांच्या विणीचे दिवस असतात. आवाज वाजवला की नर शिकार सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. कृपा करून हे करू नका, आणि ढोली दिसलीच तर तिचं ठिकाण फोटोसोबत टाकू नका. म्हणूनच झाड नेमकं कुठं ते मी लिहीत नाही. गावातला वाटाड्या घ्या, त्याला योग्य पैसे द्या, तो दाखवेल.

कपडे मातकट रंगाचे घाला. पहाटे स्वेटर लागतो आणि अकराला ऊन चटका देतं, त्यामुळे सहा ते साडेनऊ हीच खरी वेळ. परत येताना चिखलदऱ्याची रबडी जरूर खा, मात्र दुपारी दोनपर्यंत निघा, म्हणजे घाट उजेडात उतरता येतो.